बाजेच्या पायाकडच्या विटा

लग्नाला जाताना विटा घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कापडी पिशवीत जुन्या धोतरात गुंडाळलेल्या दोन भाजक्या विटा, त्यावर टॉवेल, त्यावर घट्ट झाकणाचा एक डबा. एसटीत ही पिशवी ते मांडीवर घेऊन बसत. कंडक्टरने विचारलं तर "सामान आहे" एवढंच म्हणत. मी ती पिशवी एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहिली होती. सहा किलोला थोडी कमी भरली. सत्तरी ओलांडलेला माणूस एवढं ओझं घेऊन मेहकर काय, शेगाव काय, कुठेही मुक्कामाला जायचा, आणि विटांशिवाय कुठेच जायचा नाही.

ते आमचे खामगावातले घरमालक. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, म्हणून गल्ली त्यांना सर म्हणे. मीही इथे सरच म्हणतो. उंच, काटकुळे, पण छाती पिंपासारखी गोल. लहानपणी डांग्या खोकला झाला, तो नीट बरा झालाच नाही. फुप्फुसातल्या काही नळ्या कायमच्या सैल पडल्या. अशा नळ्यांत कफ साचतो, आपण होऊन वर येत नाही, साचला की सडतो, आणि मग ताप. त्यावर कायमचं औषध नाही. रोज तो बाहेर काढायचा, एवढंच माणसाच्या हातात. अशी छाती घेऊन या माणसाने सगळी नोकरी शिट्टी फुंकण्यात काढली. शाळेतल्या कोणालाही त्यांच्या आजाराचा पत्ता नव्हता असं काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या. हे मी ऐकलेलं आहे. पुढचं बहुतेक सगळं पाहिलेलं आहे.

आम्ही त्यांच्याकडे राहायला गेलो ते माझ्या बायकोच्या खोकल्यामुळे. तिलाही तोच आजार. तिच्या बाबतीत कारण गोवर, आणि त्यातून झालेला न्यूमोनिया. माझी बदली खामगावला झाली तेव्हा आम्ही खोल्या बघत हिंडत होतो. घर पसंत पडायचं, बोलणी व्हायची, आणि तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ यायची. ती पदर तोंडात कोंबून ती दाबायची, पण दाबलेला खोकला जास्तच संशयास्पद वाटतो. मग घरच्या बाईला अचानक आठवायचं की खोली भाच्यासाठी ठेवली आहे. माझं काम हिशेब तपासण्याचं, कागदावर माझा विश्वास. बायकोचा क्षयाचा तपासणी अहवाल मी खिशात घेऊन फिरत असे. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की क्षय नाही. तो कोणी हातात घेऊन पाहिला नाही.

सरांच्या ओसरीवरही उबळ आली. तिने पदर तोंडाला लावला. मी खिशात हात घातला. सरांनी माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. ते तिच्याकडे मान तिरकी करून ऐकत होते, एखादा मेकॅनिक गाडीचा आवाज ऐकतो तसे.

"डाव्या अंगाले, खालच्या बाजूले आहे," ते म्हणाले. "दाबता काऊन? खोली तुमची झाली."

अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे आणि स्कॅन बघून सांगितलेली जागा नेमकी हीच होती. बायको घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी अहवाल खिशात परत ठेवला.

राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी मी एक चूक केली. मागच्या पडवीत सरांची बाज होती आणि तिच्या पायाकडच्या दोन खुरांखाली एकेक वीट लावलेली. बाज डोक्याकडे उतरती झाली होती. आमच्याकडे दम लागणाऱ्या माणसाला उशाशी उंच करून बसवतात, दोन उशा, तीन उशा, भिंतीला टेकवून. मला वाटलं, कोणीतरी घाईत विटा उलट्या बाजूला लावल्या. नवा भाडेकरू, म्हाताऱ्या माणसाला तेवढीच मदत, म्हणून मी विटा काढून डोक्याकडे लावल्या आणि हात धुऊन आत आलो. थोड्या वेळाने पडवीतून आवाज आला.

"कोण बे तो? माह्या बाजेचं डोकं कोणं फिरवलं?"

मी पुढे होऊन खुलासा केला. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मला समोर उभं केलं आणि विचारलं, बाटलीच्या तळाला मध बसला असेल तर काय करता? मी म्हटलं, उलटी करून ठेवतो. "मग?" म्हणाले, आणि विटा परत पायाकडे लावल्या.

मग मी त्यांची सकाळ पहिल्यांदा पाहिली. पोटात काही नाही, फक्त गरम पाणी. आधी वाफेच्या मशीनचं औषध. मग बाजेवर, कमरेखाली उशी घेऊन, ठरलेल्या क्रमाने कूस बदलत पडून राहायचं, आणि काकू पाठीवर, बरगड्यांवर थापा मारत. चापट नव्हे. हाताची वाटी करून मारलेली थाप, टांग्याच्या घोड्याच्या टापांसारखी. मध्ये थांबून संथ श्वास, मग खोल श्वास, मग घसा उघडा ठेवून लांब हुंकार. आणि सगळ्यात शेवटी एकच खोकला, छोटा, कोरडा नाही. डब्यात पडलेलं ते उजेडात धरून बघायचे. पांढरं असलं तर मान हलवायची, पिवळं असलं तर ओठ आवळायचे. हिरवं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. एकदा लाल रेघ दिसली तेव्हा विटा तिथेच काढून ठेवल्या, अंघोळसुद्धा न करता दवाखाना गाठला आणि डॉक्टरांनी होकार देईपर्यंत बाज सपाट राहिली. "आधी डॉक्टर, मंग विटा," हे ते भेटेल त्याला बजावत. गल्लीतल्या एका हृदयविकाराच्या गृहस्थांनी हौसेने विटा लावल्याचं कळलं तेव्हा सर त्यांच्या घरी जाऊन विटा उचलून घेऊन आले होते.

हे सगळं ते लपवत नव्हते. पडवीला अर्धी भिंत. मागच्या बोळातून दूधवाला जायचा, शाळेतली मुलं जायची. कोणी हाक मारली तर ते उलट्या डोक्याने हात वर करत, पण बोलत नसत. काम संपल्यावर मात्र मोठ्याने निकाल जाहीर करत. त्यांच्या डोक्यात कफ म्हणजे पी.टी.च्या तासाला वर्गात लपून बसणारी पोरं होती. मागच्या बाकाखाली, दाराआड. त्यांना मैदानावर आणायचं.

"आज सगळे मैदानावर," असं ते काकूंना म्हणत. किंवा, "डाव्या बाजूचे दोघं नाही आले. संध्याकाळी पाहू."

जोरजोरात खोकणाऱ्या माणसाची त्यांना मनापासून चीड होती. खोकल्याने नळ्या मिटतात, असं त्यांचं म्हणणं, आणि पुढे डॉक्टरांनीही मला तसंच समजावलं. "ओरडलं का पोट्टे आणखीन आत घुसतात," सर म्हणत. "दार उघडं धराचं. आपण बाजूले व्हाचं. मंग येतात लाजत लाजत."

एका रविवारी त्यांच्याकडे विहारातली मंडळी आली होती. ध्यानाच्या शिबिराचा विषय निघाला. श्वास आत येताना पाहायचा, बाहेर जाताना पाहायचा, असं एकजण समजावून सांगत होता. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते रोज सकाळी वंदना करत, पण विटांनंतर. "तुमी श्वास पाहाले बसता," ते म्हणाले. "मले आधी त्याचा रस्ता झाडा लागते." पाहुणे हसले. मला हसू आलं नाही. मी अनेक माणसांच्या नियमितपणाचा हिशेब ठेवत आलो आहे, माझ्या स्वतःच्याही. ताप असो, पाहुणे असोत, मुलाचं लग्न असो, या माणसाची सकाळ मी चुकलेली पाहिली नाही. न चुकण्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत. आपण रोज दात घासतो त्याबद्दल बोलतो का?

आमच्या घरात उलट होतं. अकोल्याला बायकोला हेच सगळं शिकवलं होतं, एकदा, एका पडद्याआड. घरी आल्यावर तिने ते कधी केलं नाही. बाईमाणसाने पालथं पडून पाठीवर थापा घ्यायच्या, हुंकार द्यायचे, डब्यात थुंकायचं आणि वर ते बघायचं, ही कल्पनाच तिला सहन व्हायची नाही. ती कफ गिळायची. सकाळी नळ सोडून त्या आवाजाआड खोकायची. मी विषय काढला की भांडी जोरात घासायची. दर हिवाळ्यात तिला ताप यायचा, औषधांचा जड कोर्स व्हायचा, आणि प्रत्येक वेळी डॉक्टर सांगायचे की दर तापागणिक आतला आणखी थोडा भाग कामातून जातो, तो परत मिळत नाही. हे तिलाही कळत होतं. ती अडाणी नव्हती. लाज कळण्याने जात नाही.

त्यात डोणगावचा प्रसंग. डोणगावला माझी बहीण दिली आहे. तिच्या मोठ्या मुलीच्या लग्नात आम्ही मुक्कामाला होतो. सकाळी बायकोला उबळ आली, आणि बहिणीच्या सासूबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो, तिचा चहाचा कप वेगळा ठेवायला सांगितला. दुष्टपणाने नव्हे, घरात लहान मुलं होती. पण तो कप खिडकीत एकटा ठेवलेला तिने पाहिला. त्यानंतर ती कोणाच्याच घरी रात्रीची राहिली नाही. माहेरीही नाही.

सरांच्या घरात आम्हाला दीड वर्ष झालं असेल, तेव्हा काकू मोरीत घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर झालं. दुसऱ्या सकाळी सर बाजेवर, काकू स्टुलावर हात गळ्यात अडकवून, आणि थापा मारायला मी. काकूंनी हाताची वाटी करून दाखवली, मी तशी केली, पण दोन थापांत वाटीचा तळवा व्हायचा. सर बाजेवरून म्हणाले, "साहेब, चटके बसून राह्यले. माहा काही गुन्हा?" काकू हसू दाबत होत्या. मी आणखी काळजीपूर्वक, आणखी वाईट मारायला लागलो.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"तसं नाही. पोकळ वाजायला पाहिजे."

बायको दारात उभी होती, हात पिठाचे. आमच्या स्वयंपाकघराची भिंत पडवीला लागून होती. दीड वर्ष रोज सकाळी ती भाकरी करता करता या भिंतीतून ऐकत होती. कुठे थाप पडते, कुठे थांबते, कूस कधी बदलते, हुंकार किती लांब. तिला सगळा क्रम पाठ होता. नळ सोडायची तेव्हासुद्धा तिचं लक्ष पलीकडेच असणार. तिच्याबरोबर एकाच घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

सर तसेच पडून राहिले. तोंड खाली होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. म्हणाले, "मंग वाजवून दाखव, पोरी." तोवर ते तिला बाई म्हणत, तुम्ही म्हणत.

तिने हात धुतले, काकूंकडे पाहिलं, काकूंनी मान हलवली, आणि ती बाजेच्या कडेला बसली. पहिल्या थापेलाच टापांचा आवाज आला.

काकूंचं प्लास्टर निघेपर्यंत हे चाललं. पहिले काही दिवस ती थापा मारून उठून यायची. मग एका सकाळी काम संपल्यावर सर उठले, टॉवेल खांद्यावर टाकला, विटा तशाच राहू दिल्या आणि मला म्हणाले, चला साहेब, जरा बोळाच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. मला वाटलं फिरायला. बोळाच्या टोकाशी आम्ही नुसते उभे राहिलो. दूधवाला येत होता, त्यालाही सरांनी तिथेच अडवून धरलं आणि त्याच्या म्हशीची चौकशी सुरू केली. बऱ्याच वेळाने मागून, पडवीकडून, थापांचा आवाज आला. एका हाताच्या, जरा अडखळत्या. काकू चांगल्या हाताने मारत होत्या. मग एक हुंकार, अर्ध्यात तुटलेला. मग दुसरा. दूधवाला बोलायला लागला तर सरांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. आम्ही तिघं तिथे पाठ करून उभे होतो, आणि मला माझ्या बायकोचा खोकला ऐकू आला. पदराआडचा नाही. मोकळा.

मी सरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

हुंकार मात्र तिला काही केल्या लांबवता येईना. ते सरांनी शिकवलं, चार हात लांब बसून, स्वतःच्या चष्म्यावर. चष्मा पुसायच्या आधी त्यावर वाफ धरतो, तसा श्वास सोडायचा. फुंकर नाही. काचेवर वाफ पसरली की बरोबर. तिला चष्मा नव्हता, म्हणून तिने माझा घेतला. त्या हिवाळ्यात मी बराच वेळ धुरकट जग पाहिलं. आणि त्या हिवाळ्यात ताप आला नाही. पुढच्या हिवाळ्यात एकदा आला, हेही लिहितो, कारण विटांनी आजार बरा झाला असा समज कोणाचा होऊ नये. पण तो घरीच, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवर निभावला.

मग बहिणीच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. डोणगावलाच, त्याच घरी. बहीण फोनवर म्हणाली, दादा, वहिनी आली नाही तर मी मंडपात उभी राहणार नाही.  तिसऱ्या दिवशी बायको सरांकडे गेली आणि विटांची पिशवी मागितली.

सर नाही म्हणाले.

मला धक्का बसला. हा माणूस गल्लीतल्या कोणालाही काहीही काढून द्यायचा. बायको म्हणाली, सर, तुम्हीच तर सगळीकडे नेता.

"नेतो," सर म्हणाले. "माणसाच्या दारात जाऊन दोन विटा मांगाले मले लाज वाटे. मांगितल्या का लोक पुसतात, कायले. ते सांगा लागू नये म्हणून मी जनमभर वाह्यल्या. शाळेत कोणाले माहीत नव्हतं, काऊन? ह्याच्याच पायी. पडवीत पडलो तो पेन्शन झाल्यावर." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "तू नको वाहू."

मी इतकी वर्षं त्या पिशवीकडे एका शिस्तीच्या माणसाचं लक्षण म्हणून पाहत होतो. सर आत निघून गेले. पिशवी खुंटीला परत अडकली.

डोणगावला आम्ही संध्याकाळी पोचलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. बायको रात्रभर नीट झोपली नसावी. सकाळी बायका माजघरात जमल्या होत्या, हळद खलणं चाललं होतं, आत्या मधोमध पाटावर बसून सगळ्यांना कामं सांगत होत्या. मी दाराबाहेर माळ्याशी हारांचं बोलत होतो. तिचा आवाज आला, जरा जास्तच मोठा.

"आत्या, दोन विटा भेटतील का?"

"विटा? कायले वं?"

"मले खोकला काढाचा आहे. छातीत साचते. रोज काढा लागते."

एरवी ती माझ्यासारखी शहरी वळणाची भाषा बोलते. त्या दिवशी तिच्या तोंडून तिच्या माहेरची बोली आली. खलबत्त्याचा आवाज थांबला. माळी काहीतरी विचारत होता. मला तो खिडकीतला कप दिसत होता.

आत्या पाटावरून उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, वेळ घेऊन. माझ्या बाजूने परसात गेल्या, चुलवणापाशी पडलेल्या विटांपैकी दोन उचलून पाहिल्या, एक टाकून दिली, तिच्या जागी दुसरी घेतली, आणि नळाखाली धरून दोन्ही विटांची राख स्वतः धुतली. मी पुढे झालो तर मला म्हणाल्या, "तू हार पाहाय." मग आतल्या खोलीतली बाज त्यांनी ओढायला लावली, वाकल्या आणि दोन्ही विटा नीट, जोडीने, डोक्याकडच्या खुरांखाली लावल्या.

माझी बायको हसली. लग्नघरात सगळ्यांना ऐकू जाईल असं ती हसली.

"तिकडे नाही आत्या. पायाकडे."

"पायाकडे? डोकं खाली? मरशीन ना वं."

मग तिने त्यांना बाटलीतल्या मधाचं सांगितलं. आणि दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही. थोड्या वेळाने आतून थापा ऐकू आल्या. पहिल्या चुकल्या, चटके बसणाऱ्या. मग तिचं काहीतरी बोलणं, मग आत्यांचं "असं?" आणि मग टापा. जन्मभर भाकरी थापलेला हात होता तो, लवकर शिकला. बाहेर माजघरात खलबत्ता पुन्हा सुरू झाला.

ती बाहेर आली तेव्हा घामाघूम होती. आत्या तिच्या मागून आल्या आणि कोणाला तरी म्हणाल्या, हिला आधी चहा द्या. कप कोणता आला ते मी पाहिलं नाही, मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो. तिने चहा संपवला, माझ्याकडून फोन घेतला आणि अंगणात जाऊन सरांना लावला. मी जवळच होतो, सर फोनवर नेहमी मोठ्याने बोलत.

"सर, सगळे मैदानावर."

"विटा?"

"मागितल्या."

"पाठीवर कोण होतं?"

"आत्या."

"आवाज?"

"पोकळ."

  पलीकडून सरांचा तो लांब, उघड्या घशाचा श्वास ऐकू आला, आणि पाठोपाठ तास संपवतानाचा त्यांचा आवाज.

"सुट्टी."

सर आता नाहीत. ते हृदयविकाराने गेले, छातीच्या आजाराने नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्यांच्या शेवटच्या आजारपणात बायको रोज सकाळी पडवीत होती. विटा काकूंनी पुढे परसातल्या मोगऱ्याच्या आळ्याला लावल्या. आम्ही मागितल्या नाहीत. जिथे जातो तिथल्या घेतो.